कोरडे तांदूळ

बाई,

आज सकाळी पाव घशाखाली उतरला नाही. डॉक्टरांनी चक्करेसाठी नवी गोळी दिली आहे, आणि देतानाच म्हणाले होते, "तोंड कोरडं पडेल, घाबरू नका, पाणी पीत राहा." मी घाबरले नव्हते. चहाचा कप शेजारी होता, खिडकीत ऊन होतं, सून ऑफिसला निघायच्या घाईत होती. तरी तोंडातला घास खडूच्या भुकटीसारखा नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. सुनेनं विचारलं, "आई, काय झालं? असं काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही. पण मला तुमच्या टेबलावरची तपकिरी काचेची छोटी बाटली दिसत होती. फळ्यावर लिहिताना दम लागला की तुम्ही टेबलाशी यायचात, त्यातली एक पांढरी गोळी जिभेवर ठेवायचात आणि पुढचं वाक्य बोलण्याआधी दोनदा आवंढा गिळायचात. पन्नास वर्षं होऊन गेली, ती बाटली मला एकदाही आठवली नव्हती. की मी आठवू दिली नव्हती, हे मला सांगता येत नाही.

तुम्ही आमच्या शाळेत इतिहास शिकवायचात आणि आमच्याच चाळीत, गिरगावात, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचात. मला त्या दोन वेगळ्या बायका वाटायच्या. कॉन्व्हेंटमधल्या बाई इंग्रजी बोलायच्या, ताठ चालायच्या, मदरसमोरही मान खाली घालत नसत. चाळीतल्या बाई संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मांजराला दूधभात घालायच्या, कुणी खोकलं तर काढा करून द्यायच्या आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या. तुमच्या मराठीला बेळगावकडचा हेल होता. आई म्हणायची, "किती गोड बोलतात गं, वाक्याच्या शेवटी झोका घेतल्यासारखं." पुढे तोच हेल आईला टोचायला लागला. तुम्ही विधवा होतात की तुमचं लग्नच झालं नव्हतं, हे चाळीत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्याची आमच्या चाळीत फार चर्चा असायची.

तो तास मला अजून लख्ख आठवतो. पुस्तकात त्या विषयाला जेमतेम चार ओळी होत्या. तुम्ही उठलात, वर्गाचं दार लोटून घेतलंत आणि मग सांगायला लागलात. युरोपातली तीन-चारशे वर्षांपूर्वीची गावं. कुणाची गाय आटली, कुणाचं मूल दगावलं, शेतावर गारा पडल्या, की गाव चेटकीण शोधायला निघायचं. बहुतेक वेळा ती एखादी एकटी राहणारी म्हातारी निघायची. तिच्या अंगभर सुया टोचून बघायचे, न दुखणारी जागा सापडली की झालं. हातपाय बांधून तिला तळ्यात टाकायचे. तरंगली तर चेटकीण, बुडाली तर निर्दोष. ह्यावर आम्ही हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले आणि वर विचारलं, "मग ती बुडल्यासारखं करून पलीकडे पोहून का नाही गेली?" तुम्ही मला उभं केलंत. रागावलात म्हणजे तुमचा आवाज खाली जायचा. "पाण्यातून वर आल्यावर काठावर कोण उभं असतं?" तुम्ही विचारलंत. "तेच लोक असतात. बस खाली."

मग तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. चोर ओळखायला त्या लोकांत मंतरलेला पाव आणि सुकं चीज खायला द्यायची रीत होती. ज्याच्या घशाखाली उतरणार नाही तो चोर. "आपल्याकडेही हेच आहे," तुम्ही म्हणालात, "फक्त तांदूळ असतात. मंत्रात काही नसतं, मुलींनो. भीतीनं तोंडातली लाळ सुकते, बस. पण घाबरतो तो गुन्हेगारच असतो असं कुणी सांगितलं?" आणि असंही म्हणालात की त्या बायकांना सगळ्यात आधी विचारायचे, तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? नाव सांगितलं की छळ तेवढ्यापुरता थांबायचा. दाराबाहेर सिस्टरच्या बुटांचा आवाज आला तेव्हा तुम्ही थांबलात आणि तो आवाज लांब जाईपर्यंत फळा पुसत राहिलात. तुम्हालाही कुणाची भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ते दिवस गोळीबारानंतरचे होते. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून सभा, हरताळ, मोर्चे चालले होते आणि गिरगावात दर दुसऱ्या घरातला मुलगा त्यात होता. आमचा दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो आणि त्याचे दोन मित्र पत्रकं छापून आणत आणि जिन्याखालच्या कोठीत, गणपतीच्या मखराच्या लाकडी पेटीत लपवत. चाळीत चार-पाच जणांनाच माहीत, असं दादा म्हणायचा. मला माहीत होतं कारण मी त्याची लाडकी होते. आणि मी काय केलं, बाई? मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं. ती मोटारीतून यायची, तिचे वडील पोलिसात मोठ्या हुद्द्यावर होते. ती रोज आपल्या भावाच्या क्रिकेटच्या गोष्टी सांगायची, आणि मला एक दिवस राहवलं नाही. मी म्हटलं, "तुझा भाऊ खेळतो. माझा भाऊ लढतो. आमच्या गणपतीच्या पेटीत काय आहे सांगू?"

चार दिवसांनी, भर दुपारी, पोलीस आले. डावीउजवीकडे न बघता सरळ जिन्याखाली गेले आणि पेटी उघडली. दादाला आणि त्याच्या दोन्ही मित्रांना गाडीत घातलं. आई अनवाणी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली. मी गॅलरीत कठडा धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, सरळ पेटीकडेच कसे गेले? पाच मिनिटांत तेच वाक्य सगळ्या चाळीच्या तोंडी झालं. "सरळ पेटीकडेच कसे गेले हो?" त्या दिवसापासून आमच्या चाळीत कुणी कुणाशी साधं बोलेनासं झालं. नळावर बायका पाठमोऱ्या कुजबुजायच्या. कुणाच्या घरी पाहुणा आला की तीन घरांचे पडदे हलायचे. खालच्या मजल्यावरचे काका पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क, ते जाता येता मोठ्यानं म्हणायचे, "गड नेहमी आतूनच पडतात! फितूर घरातच असतो!" आणि म्हणताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे. मी त्यांच्यासमोरून जाताना चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून खाली बघायची.

तुमच्यावर नजर गेली ती एका साध्या कारणानं. पोलीस पंचनाम्याला परत आले तेव्हा त्यांचा साहेब इंग्रजीत काहीतरी विचारत होता, आणि त्याला नीट उत्तर देऊ शकेल असं दुपारच्या वेळी चाळीत कुणी नव्हतं. तुम्ही वरून खाली आलात, दोन-तीन वाक्यं बोललात. तो टोपीला हात लावून तुम्हाला "थँक्यू, मॅडम" म्हणाला. तीन मजले बघत होते. दादाला कुठे ठेवलंय हे तुम्हीच त्याला विचारून घेतलंत आणि येऊन आईला सांगितलंत, हे मात्र पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याच संध्याकाळी समोरच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आई चुलीपुढे नुसतीच बसली होती. काकूंनी मला जवळ ओढलं, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "काय गं, तुझ्या त्या बाई तुला घरचं काही विचारतात का?"

तुम्ही एकदाच विचारलं होतंत. दादा कुठल्या कॉलेजात जातो, संध्याकाळी घरी असतो का, मला त्याला एक पुस्तक द्यायचंय. एवढंच.

मी म्हटलं, "हो, विचारतात. दादा संध्याकाळी कुठे जातो विचारत होत्या."

काकूंनी आईकडे बघितलं. "बघा. मी म्हटलं नव्हतं?" आईनं फक्त पदर सावरला. माझा छळ थांबला. त्या तासाला तुम्ही म्हणाला होतात तसाच, बाई. तेवढ्यापुरता.

परळच्या म्हातारबाबांना बोलवायचं काकूंनीच काढलं. ते मूळचे मालवणकडचे, गिरणीत मुकादम होते, आणि चोरी पकडायला तांदूळ मंतरून देतात अशी त्यांची ख्याती होती. पहिल्यांदा सगळ्यांनी नाकं मुरडली. "आपण काय अडाणी आहोत?" "अहो, पण बघायला काय हरकत आहे?" असं करत करत रविवारी सकाळी अकरा वाजता चौकात सतरंजी अंथरली गेली. प्रत्येक घरातल्या प्रत्येकानं यायचं, मुलांनीसुद्धा. शनिवारभर मी जेवले नाही. रविवारी सकाळी आई आंघोळीला गेली तशी मी फडताळातली चिंचेची बरणी काढली आणि एक मोठा गोळा तोडून गालात धरला. तोंडाला नुसतं पाणी सुटलं. भीतीनं लाळ सुकते म्हणालात ना तुम्ही? मग लाळ सुटेल असं काहीतरी तोंडात ठेवलं की झालं. सबंध वर्गात तुमचा धडा कुणी इतका मन लावून ऐकला नसेल.

म्हातारबाबा ठेंगणे होते, आवाज मऊ. पुढ्यात तांब्या, नारळ आणि परातीत सुके तांदूळ. पानांऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे कापले होते. त्यावर सभांच्या बातम्या होत्या. "भिया नकात," ते म्हणाले. "ज्याच्या पोटात काय नाय, त्याचे तांदूळ भिजतले. ज्याच्या पोटात आसा, त्याचे सुके र्‍हवतले." हेडक्लार्क काकांनी विचारलं, "मला कवळी आहे, माझं काय?" म्हातारबाबा म्हणाले, "काढून ठेवा. हिरड्यांनी चावा." लोक हसले. हसता हसता एकमेकांकडे बघत होते. एकेक जण चिमूट घेत होता, चावत होता, कागदावर थुंकत होता, आणि म्हातारबाबा मान डोलावत होते.

तुम्ही जिन्याच्या पायरीशी उभ्या होतात. "मी हे चावणार नाही," तुम्ही आधीच सांगितलं होतंत. "मला विचारायचं असेल तर सरळ विचारा. मी उत्तर देईन." हे तुम्ही कुणावर न रागावता म्हणालात, पण आवाज खाली गेलेला होता. काकू म्हणाल्या, "सरळ माणसाला तांदळाचं भय कशाला?" कुणीतरी मागून म्हणालं, "शिकलेल्यांचं असंच असतं. आपली चूक पुस्तकात घालून ठेवतात." मग आई पुढे झाली. ती म्हणाली, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तर मी माझ्या पोरीला तुमच्या वर्गात कशी पाठवू?"

तेवढ्यात माझी पाळी आली. मी चिमूट घेतली, भराभर चावली आणि थुंकले. लगदा झाला होता. कागद पार ओला झाला, पलीकडची अक्षरं दिसायला लागली. "झाला, चांगला आसा," म्हातारबाबा म्हणाले, पण कागद उचलताना त्यांचा हात क्षणभर थांबला. लगद्याच्या कडेला तपकिरी झाक होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद दुमडला, पण पुरता दुमडला नाही, आणि तुम्ही दोन हातांवर उभ्या होतात. तुम्हीही बघितलंत. मी जीभ गालाशी दाबून उभी होते.

काकू पुन्हा म्हणाल्या, "मग बाईंचं काय ठरलं?" म्हातारबाबा माझा कागद मुठीत धरून म्हणाले, "एकाक सोडलां तर ह्या सगळा फुकट. मगे पयल्यापासून परत करूचा लागतला. पोरांपासून."

तुम्ही पायरी उतरून खाली आलात. "द्या इकडे," म्हणालात.

मी त्या क्षणाकडे किती बाजूंनी बघितलंय, काय सांगू. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते नक्की. पण तुम्ही मला वाचवायला पुढे आलात, की एवढ्या लोकांना एकदाचं खोटं पाडायला? तुमच्या मनात काही नव्हतं, तेव्हा तांदूळ भिजतीलच असं तुम्हाला वाटलं असेल. त्या पांढऱ्या गोळीचा विचार तुमच्याही मनात आला नसेल. की आला होता? तीन मजले उतरून आल्या होतात, दम लागलेला होता, वर गोळी घेऊनच आल्या असणार. तुम्ही खूप वेळ चावलंत. तुमच्या कानशिलाजवळची शीर हलताना मला दिसत होती. मग तुम्ही कागदावर थुंकायला वाकलात आणि तांदूळ पडले. सुके, टणटणीत, कागदावर आवाज करत.

 तुम्ही पदरानं ओठ पुसले आणि जिना चढायला लागलात, प्रत्येक वळणावर थांबत. खालचा सगळा चौक मान वर करून तुमचं थांबणं मोजत होता.

पुढचं तुम्हाला मी काय सांगणार? नळावर तुमची बादली शेवटी ढकलली जायची. तुमच्या उंबऱ्यावर बिब्बे पडायला लागले. मुलं तुमच्या दारावरून श्वास रोखून पळायची आणि "चेटकीण" म्हणायची. तो शब्द त्यांना आधी कुठे ठाऊक होता? मीच त्यांना शाळेतली गोष्ट रंगवून सांगितली होती. एकटी राहते, मांजर पाळते, काढे देते. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खुणा तुम्हालाच लागू पडत होत्या. ह्याहून वाईट एक गोष्ट आहे. मी स्वतः चिंच खाऊन सुटले होते, आणि तरी तुमच्या कोरड्या तांदळांवर माझा विश्वास बसला. मी मनाशी म्हणायची, माझं सोड, मी चलाखी केली. पण त्यांचे खरंच सुके निघाले ना? मग त्यांनीही काहीतरी सांगितलंच असणार. वर्गात तुम्ही तह आणि लढाया शिकवत होतात आणि मी पहिल्या बाकावरून तुमच्याकडे संशयानं बघत होते. ते मला फार सोयीचं होतं.

दादा दीड महिन्यांनी सुटून आला, हडकलेला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "बाईंच्या दारात कसली घाण आहे ही?" आईनं त्याच्यापुढे ताट सरकवलं. तोवर तुम्ही दादरला एका बायकांच्या वसतिगृहात जायचं ठरवलं होतं. पुढे राज्य झालं. रोषणाई झाली, चौकात पेढे वाटले, तुमच्या खोलीत आलेल्या नव्या बिऱ्हाडालाही दिले. तुमचं बेळगाव बाहेरच राहिलं. त्या गर्दीत ते माझ्याशिवाय कुणाला आठवलं असेल तर मला माहीत नाही, आणि मी तोंडात पेढा होता म्हणून काही बोलले नाही. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात. सगळ्या जणी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मीही राहिले.

दादाला मी म्हातारपणी एकदा धीर करून विचारलं, "तेव्हा कुणी सांगितलं असेल रे?" तो हसला. "अगं, सांगायला कशाला हवं? त्या पेटीला शाईचा असा वास मारायचा की आंधळ्यालाही कळलं असतं. आणि आदल्या दिवशी पत्रकं वाटणारा आमच्यातला एक जण पकडला गेला होता. त्यानं सांगितलं असेल. कुणीही असेल." मी त्याला माझं सांगणार होते. सांगितलं नाही. म्हणजे मी होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. फक्त तुम्ही नव्हतात, एवढं आज सकाळी त्या पावाच्या घासानं कळलं. आणि खरं बोलायचं तर ते कळायला घास लागायला नको होता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. तुमचा पत्ता तेव्हाही मी विचारला नव्हता. पण एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे, तेवढं लिहून थांबते.

तुमचं सामान हातगाडीवर चढत होतं. मी बादली घेऊन जिना चढत होते आणि तुम्ही मांजराची टोपली घेऊन उतरत होतात. दुसऱ्या वळणावर तुम्ही दम खायला थांबलात, म्हणून मलाही थांबावं लागलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही टोपली कठड्यावर टेकवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि चाळीतल्या मराठीत, त्या तुमच्या झोक्यात, हळूच विचारलंत, "त्या रविवारी दात फार आंबले का गं?"

मी म्हटलं, "नाही, बाई." आणि बादलीतलं पाणी सांडत वर पळाले.

आंबले होते, बाई. चार दिवस मला पोळीसुद्धा चावता येत नव्हती. आई सगळ्यांना सांगत होती, भावाच्या काळजीनं पोर जेवत नाही, आणि मी तिला तसं सांगू दिलं.